वाढदिवसकॅलेंडरचोर

मंगळवारी दुपारी तीन वाजता मेन्नो डाइकेमा गावघराच्या संडासातून बाहेर पडला, तेव्हा त्याचा कोट पोटापाशी जरा ताठ दिसत होता. गावघर सांभाळणारी इम्के काउंटरमागे कप पुसत उभी होती.

"मेन्नोकाका, बरं आहे ना? अर्धा तास आत होतात. मघाशी बेकरीवाला दार ठोठावून शेवटी घरी गेला."

"वय झालं, इम्के," मेन्नो म्हणाला आणि दोन्ही हात पोटावर धरून सायकलकडे निघाला. इम्के कनवाळू. तिने त्याला वाटेसाठी पुदिन्याच्या दोन गोळ्या दिल्या. त्या वेळी तिने कोटाचं एक बटण उघडायला लावलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मेन्नो नंतर कितीदा तरी म्हणाला. पण चांगल्या माणसांना असल्या गोष्टी वेळेवर सुचत नाहीत.

कोटाच्या आत कॅलेंडर होतं. संडासातलं कॅलेंडर म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही. इकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. दिवसातून चारदा तिथे जाणं होतं आणि बसल्यावर दुसरं वाचायला काही नसतं. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा आणि पुढे नावं, त्यामुळे एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. पूर्वी आमच्या ओस्टरझाइलमध्ये घरोघरी होती. मग बावीस वर्षांपूर्वी सगळ्या गावाचं मिळून एक मोठं गावघरात टांगलं आणि घरची हळूहळू अडगळीत गेली. दर गुरुवारी पत्ते संपले की इम्के आत जायची आणि बाहेर येऊन पुढच्या आठवड्यातली नावं मोठ्याने वाचायची. ती ऐकली की गावाचं काम झालं. डोक्यात कोण ठेवतो? संडासात आहे ना.

त्यातून आमच्याकडे वाढदिवसाला बोलावणं धाडत नाहीत. ज्याचा वाढदिवस त्याने खुर्च्या गोल मांडायच्या, केक आणायचा आणि वाट बघायची. ज्याला आठवण असेल तो येतो. बोलावून माणसं जमवण्यात काय राम, असं इथल्यांचं म्हणणं. तर अशा ह्या गावाची सगळी आठवण एका खिळ्यावर टांगलेली होती, आणि मेन्नोने ती कोटात घालून घरी नेली.

का नेली, ते सांगायला मेन्नोचा धंदा सांगावा लागेल. चाळीस वर्षं तो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला होता. त्यातही त्याची खासियत एकच, ओळीच्या टोकाला न मावणारा शब्द कुठे तोडायचा. ह्यावर कुणाचं पोट भरत असेल हे आपल्याला खरं वाटणार नाही, पण इथल्या भाषेचा खाक्याच तसा आहे. दोन शब्द शेजारी आले की मध्ये जागा ठेवायची नाही, चिकटवून एक करायचे. तिसरा आला, त्यालाही घ्या. चौथ्याने काय घोडं मारलंय? आपला समास म्हणजे दोघा-तिघांचं आटोपशीर बिऱ्हाड. इथे अख्खी वरात एका खाटेवर झोपते. मधल्या सांध्यात कधीकधी 'स'चा एखादा टाकाही घालावा लागतो. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात असला शब्द मावणार कसा? तो तोडावाच लागतो. आणि शब्द काय, कोंबडी काय, सांध्यावरच तोडावी, असं मेन्नोचं म्हणणं. आधी जोड बघायचा. तिथे जमत नसेल तर शब्द सावकाश उच्चारून ठोके मोजायचे आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तोडायचं. मेन्नो जेवतानासुद्धा टेबलावर बोटं वाजवत असायचा. बायकोला, आलीदाला, त्या टकटकीवरून त्या दिवशी कामावर कोणता शब्द आडवा आला ते ओळखता येत असे.

मग वर्तमानपत्राने शब्द तोडायचं मशीन घेतलं आणि मेन्नोला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. मशीनला ठोके कळायचे, सांधा कळायचा नाही. मेन्नो रोज सकाळी वर्तमानपत्र घ्यायचा, लाल पेन्सिलीने त्यातले सगळे शब्द नीट तोडायचा आणि संध्याकाळी त्याच कागदात बटाट्याची सालं गुंडाळून टाकायचा. आलीदा होती तोवर ती हसायची. ती गेल्यावर हसायलाही कुणी उरलं नाही.

लाल पेन्सिलीने त्याचं एकदा फार मोठं नुकसान केलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याचा मेहुणा एबेल वारला. मेन्नोच्या थोरल्या बहिणीचा, फ्राउकेचा नवरा. एबेल आमच्या कालव्यावरच्या जलद्वारांचा राखणदार होता. बोटी आल्या की दारं उघडायची, पाणी समपातळीला आणायचं, दारं लावायची. मेन्नो आणि तो तीस वर्षं रविवारी एकत्र गळ टाकून बसत आणि चार-चार तासांत चार-चार शब्द बोलत. एबेल गेला तेव्हा फ्राउकेने करड्या किनारीची निधनाची पत्रं छापून घेऊन घरोघरी पाठवली. त्यात तिने नवऱ्याच्या नावाखाली त्याचा हुद्दा हौसेने लिहिला होता. कालवा, जलद्वार आणि राखणदार, तिन्ही मिळून एक शब्द. तो ओळीत मावला नाही. छापखान्याच्या मशीनने सांध्यावर टाका आहे असं समजून 'स' वरच्या ओळीत ठेवला. आता जलद्वाराला इथे म्हणतात 'स्लाउस'. त्याचा 'स' गेला की खालच्या ओळीत उरतं 'लाउस'. लाउस म्हणजे ऊ. एबेल बिचारा उवांचा राखणदार होऊन बसला.

मेन्नोने काय करावं? त्याने लाल पेन्सिल घेतली, पत्रावर चूक दुरुस्त केली, कागदाच्या कडेला नीट खूण केली आणि ते पत्र टपालाने बहिणीला परत पाठवलं. फ्राउकेला ते अंत्यविधीच्या दिवशी सकाळी मिळालं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दोन घरांमध्ये सायकलीने सात मिनिटं अंतर, आणि तीन वर्षं. मेन्नोचं सुरुवातीला म्हणणं होतं की मी मदतच केली. मग म्हणू लागला की चूक तर होतीच ना. पुढे पुढे तो काहीच म्हणेनासा झाला. पण बहिणीच्या घरावरून जायचं नको म्हणून तो बेकरीला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला, आणि रोज एवढं जाणं होईना म्हणून शिळा पाव खाऊ लागला.

तर गावघरातलं कॅलेंडर. दोनशे माणसांच्या गावात एका नावाची सहा-सहा माणसं, म्हणून प्रत्येकाने ओळखीसाठी नावापुढे काहीतरी जोडलेलं. बेकरीवाल्याचीसासू, पुलाजवळचापीटर, दुसऱ्याबायकोचीमुलगी, असे लांबलचक चिकटलेले शब्द, आणि रकाना तीन बोटांचा. जागा संपली की लिहिणाऱ्याने जिथे हात पोचला तिथे शब्द मोडलेला. मेन्नो गेली बावीस वर्षं तिथे बसून ते बघत होता. आत गेला की त्याला बाहेर यायचं भान राहत नसे. त्या मंगळवारी त्याला वाटलं, आता बास. घरी न्यावं, चांगल्या जाड कागदावर सुवाच्य अक्षरात नवं करावं, एकूण एक शब्द सांध्यावर तोडावा आणि गुपचूप परत टांगावं. लोक म्हणतील, हे देवमाणसाचं काम कुणी केलं?

घरी गेल्या गेल्या त्याने सवयीने पहिली चूक केली. नवं लिहायला घेण्याआधी जुन्या कॅलेंडरवर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, नावं न वाचता नुसते सांधे बघत, लाल पेन्सिल चालवली. झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता हे परत टांगता येणार नाही. गोवर आल्यासारखं दिसत होतं. मग नवं लवकर पुरं करणं आलं. दिवसाला दोन महिने धरले तर रविवारी वर्ष संपत होतं. गुरुवारचे पत्ते मध्येच येत होते, पण एका गुरुवाराने काय होतंय?

गुरुवारी इम्के नावं वाचायला आत गेली आणि रिकामा खिळा बघून बाहेर आली. त्या दिवशी पत्त्यांचा हिशेबसुद्धा अर्ध्यावर राहिला, म्हणजे बघा. शुक्रवारी सकाळी ती मेन्नोच्या दारात हजर. मेन्नोने घाईघाईने दोन्ही कॅलेंडरं, इकडे टेबलावर चादरीसारखा गालिचा घालतात, त्याच्याखाली सरकवली आणि कॉफी ठेवली.

"काका, कुणीतरी कॅलेंडर पळवलं," इम्के खुर्चीत बसत म्हणाली. "पलीकडच्या गावचे पत्तेवाले असणार. मागच्या महिन्यात हरले ते त्यांना पचलेलं नाही."

"असतील," मेन्नो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्याने त्याने दोन्ही कपांत साखर घातली आणि पुन्हा घातली.

"दारावर सूचना लावायची आहे. म्हटलं, तुमच्या नजरेखालून जाऊ दे, नाहीतर नंतर दारातच पेन्सिल घेऊन उभे राहाल." तिने कागद गालिच्यावर पसरला, बरोबर कॅलेंडरांच्या वर. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की वाढदिवसकॅलेंडरचोराने कॅलेंडर मुकाट्याने परत टांगावं, नाव विचारलं जाणार नाही.

मेन्नोचे डोळे पहिल्या शब्दावर गेले आणि बाकीचं सगळं विसरले. "इम्के, हा शब्द कुठे तोडलास?"

"जागा संपली तिथे."

"जागा संपली म्हणून शिंपी बाही कोपरात कापतो का? कॅलेंडर अर्धं वर, अर्धं खाली. चोर पुरताच्या पुरता खालच्या ओळीत यायला हवा. एकटा. म्हणजे तो कोण आहे ते वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं."

"हातात सापडू दे, मग पाडतेच त्याला एकटा," इम्के म्हणाली.

मेन्नोने पेन्सिल खाली ठेवली. "पण नाव विचारणार नाही असं लिहिलंयस."

"ते तसं लिहायचं असतं, काका. सगळ्यात आधी नावच विचारणार आहोत." तिने कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप बाजूला ठेवला. "वाईट एवढंच वाटतं, की काल नावं वाचली नाहीत. ह्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस असेल तर तो बिचारा बसेल खुर्च्या मांडून."

हे वाक्य मेन्नोने ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं. त्याच्या डोक्यात चोर खालच्या ओळीत न्यायचा हिशेब चालू होता. त्याच वेळी गालिचा उचलून कॅलेंडर तिच्या हातात ठेवलं असतं, तर इम्केने चार शिव्या हासडल्या असत्या, गाव आठवडाभर हसलं असतं आणि विषय मिटला असता. पण माणसाला चार शिव्या परवडत नाहीत आणि मग तो चाळीस शिव्यांचं काम करून ठेवतो.

इम्के गेल्यावर मेन्नो झपाट्याने कामाला लागला. शनिवारी गावघराची फरशी धुवायची म्हणून दार बंद होतं, नाहीतर त्याने अर्धंमुर्धंच नेऊन टांगलं असतं असं तो सांगतो. मला ते पटत नाही. अर्धंमुर्धं काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

रविवारी दुपारी दोन वाजता त्याने नोव्हेंबर काढला. काम सुरेख उतरलं होतं. एवढं सुख त्याला तीन वर्षांत झालं नव्हतं. पहिल्याच तारखेपुढे एबेलच्या अक्षरात नाव होतं, जलद्वारवाल्याचीफ्राउके, आणि शब्द असा मोडला होता की बघवत नव्हता. मेन्नो बोटं वाजवायला लागला. एक, दोन, तीन ठोके झाले आणि बोटं थांबली. त्याने शेजारचं वर्तमानपत्र ओढलं, तारीख बघितली, मग उठून स्वयंपाकघरातल्या रेडिओवरची बघितली. दोन्हीकडे एक नोव्हेंबर होती. त्याने कागदाच्या कडेला वजाबाकी केली. पंच्याहत्तर.

मग त्याच्या मनात आलं, जावं. आता नाही तर कधी? पंच्याहत्तरीला घर गच्च भरलेलं असणार. गर्दीत मागच्या बाजूने शिरावं, भिंतीकडची खुर्ची धरावी. चारचौघांत फ्राउके आपल्याला बाहेर काढणार नाही. बोलली नाही तरी तिच्या घरातली कॉफी तरी पोटात जाईल. गाव विसरलं असेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शब्दाचे सांधे त्याला लगेच दिसत, कॅलेंडर आपल्या घरात आणि वाढदिवस आज, ह्या दोन गोष्टींचा सांधा काही दिसला नाही.

त्याने स्वच्छ सदरा चढवला, खिडकीतली बऱ्यापैकी दिसणारी कुंडी उचलून सायकलच्या टोपलीत ठेवली आणि तीन वर्षांनी जवळच्या रस्त्याने निघाला. फ्राउकेच्या कुंपणापाशी एकही सायकल नव्हती. त्याला वाटलं, आपल्याला उशीर झाला, येऊन गेले सगळे. परत फिरावं असं मनात येतंय तोच दार उघडलं. पडद्याआडून ती रस्ताच बघत होती.

"तू," फ्राउके म्हणाली.

"मी."

"आत ये. गारठा शिरतोय."

बैठकीच्या खोलीत बावीस खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. कमी पडतील म्हणून बागेतल्या घडीच्या खुर्च्यासुद्धा पुसून आणल्या होत्या. टेबलावर दोन क्रीमचे केक, न कापलेले. चीजचे तुकडे, मोहरीची चटणी, उपडे घातलेले कप. फ्राउकेने निळा झगा घातला होता आणि केस सेट करून घेतले होते.

"बाकीचे गेले?" मेन्नोने विचारलं.

"आले असते तर गेले असते."

"कुणीच नाही?"

"सकाळी लेकाचा न्यूझीलंडहून फोन आला, तेवढाच." ती एका खुर्चीत बसली. एवढ्या खुर्च्यांत ती एकदम लहान दिसायला लागली. "साडेदहापासून बसले आहे. अकरा वाजता वाटलं, चर्च उशिरा सुटलं असेल. बाराला वाटलं, जेवून येतील. एक वाजता म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. मागे मी यान्नाच्या सुपाला पाणचट म्हणाले होते. पण त्यावरून सगळं गाव? एबेल गेल्यापासून मी पत्त्यांना जात नाही, कुणात मिसळत नाही, म्हणून रागावले असतील. तू सांग, मेन्नो. काय बोलतात माझ्याबद्दल?"

मेन्नोच्या हातात कुंडी तशीच होती. त्याने ती खाली ठेवली.

"काही बोलत नाहीत."

"आणि आला कोण, तर तू." फ्राउके उठली, केकवर सुरी चालवली आणि चौघांना पुरेल एवढा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "ज्याला मी तीन वर्षं दाराशी उभं केलं नाही, तो. आई म्हणायची ते खोटं नाही. शेवटी रक्ताचंच माणूस उपयोगी पडतं. खा."

मेन्नोने एक घास घेतला. बहीण बोलत होती, केक वाढत होती, कॉफी ओतत होती. तोंड मिटून बसला असता तर सगळं मिळालं होतं. त्याने दुसरा घास घेतला. तिसरा काट्यावरच ठेवून दिला. समोर बसून ती मान खाली घालून आठवत होती, की अजून कुणाला काय बोलले असेन मी.

"फ्राउके," तो म्हणाला. "कॅलेंडर माझ्याकडे आहे."

"कसलं कॅलेंडर?"

"गावघरातलं. मंगळवारी मी काढून नेलं. नीट लिहून परत लावणार होतो. गुरुवारी इम्केला नावं वाचता आली नाहीत. कुणी तुझ्यावर रागावलेलं नाही. कुणाला माहीतच नाही आज काय आहे ते. तुझं काही चुकलेलं नाही."

तिने हातातली सुरी केकच्या ताटलीत ठेवली. "म्हणजे यान्नाच्या सुपाचं काही नाही?"

"नाही."

"आणि तुला आठवलं ते त्या कॅलेंडरमुळे."

मेन्नोने मान डोलावली.

"मी म्हणतच होते," ती म्हणाली. "सत्तर वर्षांत तुला एकदाही माझा वाढदिवस आपण होऊन आठवलेला नाही. आलीदा ढकलायची तेव्हा तू यायचास."

"मी जातो," मेन्नो उठत म्हणाला.

"बस खाली. त्या कॅलेंडरचं मला काही सांगू नकोस, ते गाव बघून घेईल. दुसरं बोल."

कोणतं दुसरं, ते विचारायची गरज नव्हती. मेन्नो बसला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द हाताळलेल्या माणसाला स्वतःचा एक सापडेना.

"तो शब्द चुकीचा तुटला होता," तो शेवटी म्हणाला.

"होता. मला दिसला नव्हता. गावाला दिसला नव्हता. नव्वद घरी पत्रं गेली, मेन्नो. एकोणनव्वद घरांनी वाचलं की एबेल गेला. तू वाचलंस की शब्द चुकला." तिचा आवाज चढला नाही. "तू दाखवलंस, आणि तेव्हापासून मला तेच दिसतं. त्याचा फोटो बघितला की ती ऊ दिसते. सत्तेचाळीस वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर."

मेन्नोला रडू येत नसे. आलीदाच्या वेळीही आलं नव्हतं. आता मात्र डोळे भरून आले आणि तो ते पुसायलाही विसरला.

"मीसुद्धा पहिल्यांदा तेच वाचलं होतं," तो म्हणाला. "एबेल गेला म्हणून. चार वेळा वाचलं. मला काय करावं ते कळेना. हात कशाला तरी लावायचा म्हणून पेन्सिल घेतली. ती चूक दुरुस्त करता येत होती, दुसरं काही दुरुस्त करता येत नव्हतं. तुझ्याकडे यायला हवं होतं मी. यायचं सोडून मी टपाल पाठवलं. चुकलो, फ्राउके. फार चुकलो. मला माफ कर."

तिने त्याच्यापुढची ताटली ओढून घेतली, त्याने उष्टावलेल्या तुकड्यातला अर्धा आपल्या ताटलीत घेतला आणि दोघंही खाली बघून खात बसली. वीस रिकाम्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून होत्या.

थोड्या वेळाने मेन्नो म्हणाला, "इम्केला फोन करतो."

"अजिबात नाही. बोलावून आलेली माणसं मला नकोत. अजून एवढी वेळ आली नाही माझ्यावर."

"बोलावत नाही. नावं वाचून दाखवतो. गुरुवारी राहिली आहेत."

फ्राउके उपडे कप सरळ करायला लागली. मेन्नोने फोन लावला.

"इम्के, मी मेन्नोकाका. लिहून घे. एक नोव्हेंबर, फ्राउके, जलद्वारवाल्याची. पंच्याहत्तर."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "आज? अरे देवा. आज?" मग ती थांबली. "काका, तुम्ही हे कशातून वाचताय?"

"कॅलेंडरमधून. म्हणजे ते माझ्या घरी आहे, टेबलावर. शुक्रवारी तू कागद ठेवलास ना, त्याच्या खाली, गालिच्याआड होतं."

पलीकडे इम्केने खुर्ची ओढली.

"नाव विचारणार नाही असं लिहिलं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं कुठे, काका? तुम्हीच सांगितलंत. आणि मी आता ते घरोघरी सांगत जाणार आहे. पंधरा मिनिटं द्या."

तिला दहाच लागली. कुंपणाशी सायकलींचा ढीग पडला. कुणी फुलं आणली, कुणी घरातली उघडलेली दारूची बाटली आणली, यान्नाने सुपाचं पातेलंच आणलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. आणि इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकजण आधी फ्राउकेचा हात हलवून मग गोलात फिरायला लागला, कारण वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन त्याच्या माणसांचंही करतात. नवऱ्याला बायकोबद्दल, मुलाला आईबद्दल. फ्राउकेचं तिथे माणूस एकच होतं. ते भिंतीकडच्या खुर्चीत, बाहेर कसं पळावं ह्याचा विचार करत बसलं होतं.

"अभिनंदन, मेन्नो, बहिणीबद्दल," यान्ना म्हणाली. "आणि लाज वाटू दे जरा."

"अभिनंदन, बहिणीबद्दल," पुलाजवळचा पीटर म्हणाला. "पलीकडच्या गावच्या पत्तेवाल्यांना काल मी जे बोललो, ते तू जाऊन परत घ्यायचंस."

"अभिनंदन, बहिणीबद्दल," बेकरीवाला म्हणाला आणि खाली वाकला. "नव्या कॅलेंडरात माझ्या सासूची तारीख राहिली तर मी कुणाला सांगणार नाही."

"अभिनंदन, काका," इम्के म्हणाली. "फरशी पुढचं वर्षभर तुम्ही धुवायची."

एकोणतीस हात झाले. मेन्नो प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होता, कान लाल झाले होते आणि तीन वर्षांत न मिळालेली माणसं एका दुपारी एका रांगेत त्याला खडसावून जात होती. शेवटचा माणूस पुढे सरकला तेव्हा त्याला वाटलं, संपलं. त्याने मान वर केली तर समोर फ्राउके उभी होती, हात पुढे करून.

"अभिनंदन, मेन्नो."

"माझं कसलं तू करतेस?"

"बहिणीबद्दल," ती म्हणाली. "मागची तीन वर्षं कुणी केलं नसेल."

"नाही," मेन्नो म्हणाला. "कुणीच नाही."